पहिल्या राउंडमध्ये कॅचर घ्यावा का?

चेसापीक

२१ मे २०२२ला आम्ही चौघं बाल्टिमोरच्या कॅम्डन यार्ड्स ह्या बेसबॉल मैदानावर होतो. कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या प्लेटमागे बसून पिचरचे (गोलंदाजाचे) चेंडू झेलणारा, ॲडली रचमन ह्याचा आमच्या ओरिओल्स संघाकडून पहिला सामना. पॅड, मास्क चढवून तो प्लेटमागे आला, पण लगेच खाली बसला नाही. उभा राहून गोल फिरला, सगळं स्टेडियम डोळ्यांत भरून घेतलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सातव्या इनिंगला त्याने ट्रिपल मारला, म्हणजे एका फटक्यात तिसरा बेस गाठला, आणि शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी आजोबांनी मला घट्ट मिठी मारली. तीन वर्षं वाट बघितली होती त्या माणसाची.

आधीच्या वर्षी आमचा संघ ११० सामने हरला होता. २०२२मध्ये ८३ जिंकला, २०२३मध्ये १०१. रचमन आल्यापासून ते मे २०२४पर्यंत, नियमित हंगामात शंभराहून अधिक मालिका झाल्या, पण एकाही मालिकेत आम्ही सगळेच्या सगळे सामने हरलो नाही. ह्यातलं किती एकट्या कॅचरचं, हे मोजता येत नाही. पण इथल्या कुणालाही विचारा, तो म्हणेल की संघाला कणा मिळाला तो त्या दिवशी.

तरीही धागा काढतोय. कारण २०१९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, आम्ही पहिला नंबर वापरून रचमन घेतला आणि लगेच दुसऱ्या नंबरवर कॅन्सस सिटीने बॉबी विट ज्युनियर घेतला, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक. शॉर्टस्टॉप. विटने २०२४मध्ये .३३२ सरासरीने फलंदाजीचा किताब जिंकला आणि तो वर्षाला दीडशेच्या वर सामने खेळतो. रचमनची बॅट २०२४च्या उत्तरार्धात गळाली आणि ह्या वर्षी, २०२५मध्ये, दुखापतींनी त्याचा बराच हंगाम गेला. मला तो अजूनही तितकाच आवडतो. पण मनात प्रश्न आहेच: इतका वरचा नंबर हातात असताना, ज्या जागेवर शरीर सगळ्यात आधी झिजतं, त्या जागेचा मुलगा घ्यावा का?

माझं मत आधीच मांडतो. पहिल्या दहांत कॅचर घ्यायचाच तर तो कॉलेजमधून आलेला असावा, आणि उद्या मास्क काढून घेतला तरी नुसत्या बॅटवर संघात टिकेल असा असावा. ह्यातली एकही अट पुरी होत नसेल तर घेऊ नये.

पेठेतला

विषय वेगळा आहे, वाचायला बसलो. पण आमच्यासारख्या पुण्यात बसून कधीमधी बेसबॉल बघणाऱ्यांसाठी एक सांगा. ड्राफ्ट म्हणजे आयपीएलच्या लिलावासारखंच ना? मग पहिला नंबर चुकला तर पुढच्या वर्षी दुसरा विकत घ्यायचा. एवढं काय त्यात?

चेसापीक

@पेठेतला, लिलाव नाही हो. लिलावात ज्याची थैली मोठी त्याला माणूस मिळतो. इथे शाळा-कॉलेजातली मुलं संघ क्रमाने निवडतात, आणि सर्वसाधारणपणे तळाच्या संघांना आधी संधी मिळते. २०२३पासून पहिल्या सहा नंबरांसाठी सोडत असते. आता एकूण २० राउंड. प्रत्येक वरच्या नंबराला ठरावीक रक्कम, तिला स्लॉट म्हणतात, आणि सगळ्या स्लॉटची बेरीज म्हणजे संघाचं त्या वर्षीचं बजेट. पहिल्या मुलाला कमी देऊन समजूत काढली तर उरलेले पैसे खालच्या राउंडमध्ये दुसऱ्या मुलावर लावता येतात. ही गोष्ट पुढे चर्चेत येईलच.

आणखी एक. निवडलेला मुलगा लगेच टीव्हीवर दिसत नाही. आधी मायनर लीगची, म्हणजे खालच्या दर्जाच्या संघांतली, दोन, तीन, कधी पाच वर्षं. वर पोचल्यावर साधारण सहा वर्षं तो तुमचा, मग मोकळा. म्हणजे निवड आज करायची आणि ती बरोबर होती का ते सात-आठ वर्षांनी कळायचं.

गोठलेला_तलाव

चेसापीक, तुझ्या दोन अटींपैकी पहिली आमच्या मिनेसोटा ट्विन्सनी २००१मध्येच मोडली. ज्यो मावर कॉलेजचा नव्हता. सेंट पॉलच्या क्रेटिन-डेरहॅम हॉल शाळेतला, म्हणजे घरचाच मुलगा. तेव्हा सगळा देश मार्क प्रायर ह्या कॉलेजच्या पिचरच्या नावाने वेडा झाला होता. ट्विन्सनी पहिल्या नंबरवर मावर घेतला तेव्हा लोक म्हणाले, पैसे वाचवले. मावरला ५१.५ लाख डॉलर मिळाले आणि दुसऱ्या नंबरच्या प्रायरला शिकागो कब्सने १ कोटी ५ लाखांचा करार दिला. त्या वेळी ही टीका खोटी वाटत नव्हती.

पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. प्रायर २००३मध्ये अप्रतिम खेळला, मग खांद्याने दगा दिला आणि २००६नंतर तो मेजर लीगमध्ये परत दिसला नाही. मावरने २००६, २००८ आणि २००९ असे तीन फलंदाजी किताब जिंकले. तीन जिंकणारा दुसरा कॅचर झालेला नाही. २००९चा एमव्हीपी, म्हणजे सर्वात मोलाचा खेळाडू. २०२४मध्ये पहिल्याच मतदानात हॉल ऑफ फेम.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. मावर तयार होतोय म्हटल्यावर ट्विन्सनी २००३च्या नोव्हेंबरमध्ये आपला खेळता कॅचर ए. जे. पिअर्झिन्स्की सॅन फ्रान्सिस्को जायंट्सना दिला. बदल्यात ज्यो नेथन, फ्रान्सिस्को लिरियानो आणि बूफ बॉन्सर आले. नेथन कित्येक वर्षं आमचा क्लोजर, म्हणजे शेवटी येऊन सामना संपवणारा पिचर, होता, २००६चा लिरियानो ज्यांनी बघितला ते अजून त्याच्या स्लायडरबद्दल बोलतात. लवकर घेतलेल्या कॅचरचा हिशोब करताना ही तीन नावंही जमेच्या बाजूला मांडायला हवीत. चांगला कॅचर घरात असला की दुसरा विकता येतो, आणि कॅचरला नेहमीच गिऱ्हाईक असतं.

दुखरी बाजूही लिहितो. २००४मध्ये दुसऱ्याच सामन्यात मावरच्या गुडघ्याची मेनिस्कस फाटली, त्या वर्षी जेमतेम ३५ सामने खेळला. २०१३च्या ऑगस्टमध्ये फाउल टिप, म्हणजे बॅटची कड घेतलेला चेंडू, मास्कवर बसून मेंदूला हादरा. त्यानंतर कॅचिंग बंद, फर्स्ट बेस. १८.४ कोटी डॉलरचा आठ वर्षांचा करार अर्धाही झाला नव्हता. कॅचर म्हणून जी बॅट सोन्याची, तीच फर्स्ट बेसवर चारचौघांसारखी, कारण तिथे सगळेच मारतात. लोकांनी त्याला फार बोलून घेतलं. मला ते तेव्हाही अन्यायाचं वाटलं, आजही वाटतं.

३० सप्टेंबर २०१८, शेवटचा सामना, टार्गेट फील्ड. नवव्या इनिंगला तो पॅड चढवून बाहेर आला आणि पाच वर्षांनी एकच चेंडू प्लेटमागे बसून घेतला. मी मुलीला खांद्यावर घेऊन उभा होतो. तो चेंडू बघितलेला माणूस मावरला पहिल्या नंबरवर घेणं चूक होतं, असं कधी म्हणणार नाही.

पाऊसवेडी

मी म्हणते! मावरबद्दल नाही, कॅचर लवकर घेण्याबद्दल.

सिएटलमध्ये आम्ही हा प्रयोग तीनदा बघितला. २००५, तिसरा नंबर, जेफ क्लेमेंट, कॉलेजचा कॅचर. चौथा गेला रायन झिमरमन, पाचवा रायन ब्रॉन, सातवा ट्रॉय टुलोविट्झकी, अकरावा अँड्र्यू मॅककचन. नावं नुसती वाचली तरी पोटात कालवतं. क्लेमेंटच्या गुडघ्यांनी साथ दिली नाही, चार वर्षांत तो दुसऱ्या संघात होता. २०१२, परत तिसरा नंबर, माइक झुनिनो. तोही कॉलेजचा, म्हणजे चेसापीक, तुमची पहिली अट पुरी. एका वर्षात त्याला वर आणलं. हातमोजा उत्तम, फेक उत्तम, पिचर खूश. पण बॅट पिकायच्या आत झाड हलवलं. कारकिर्दीची सरासरी .२००च्या आसपास राहिली. त्याचं सगळ्यात चांगलं वर्ष २०२१, ३३ होम रन, ऑल-स्टार. आणि तेव्हा तो टॅम्पा बेकडून खेळत होता.

तिसरा प्रयोग २०१८. तिसरा राउंड, एकूण ९०वा नंबर, कॅल रॅली. ह्या वर्षी ६० होम रन. कॅचरचा आधीचा विक्रम साल्वाडोर पेरेझचा, ४८. स्विच हिटरचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी बॅट चालवणाऱ्याचा, आधीचा विक्रम मिकी मँटलचा, ५४. दोन्ही एकाच उन्हाळ्यात मोडले. सप्टेंबरमध्ये आमच्या ऑफिसमधली, आयुष्यात कधी बेसबॉल न बघितलेली माणसं सकाळी एकमेकांना विचारायची, “काल मारला का?”

२०१८मध्ये दुसऱ्या नंबरवरही कॅचरच गेला होता. जोई बार्ट, जायंट्स. मधे ८७ मुलं. म्हणजे इतकी माणसं, इतके कॅमेरे, इतके स्काउट, आणि तरी कुठला कॅचर पिकेल ते कुणालाच ओळखता आलं नाही. जे ओळखता येत नाही त्यावर घरातला सगळ्यात मोठा दागिना का लावायचा?

आणि रॅली ह्या वर्षी २८चा आहे. कॅचर उशिरा पिकतो. एकाच वेळी दोन धंदे शिकायचे असतात त्याला. तो पिकेपर्यंत सहातली निम्मी वर्षं संपतात.

धुक्यातला_पूल

बार्टचं नाव निघालं म्हणून मलाही लिहिणं भाग आहे.

२००८च्या ड्राफ्टची पाचवी आणि सहावी नावं शेजारीशेजारी ठेवून बघा. पाचवा बस्टर पोझी, फ्लोरिडा स्टेट. सहावा काइल स्किपवर्थ, कॅलिफोर्नियातला शाळकरी कॅचर, मार्लिन्स. पोझी २०१०चा सर्वोत्तम नवोदित, २०१२चा एमव्हीपी, २०१०-१२-१४ अशा तीन वर्ल्ड सिरीज. मॅट केनच्या २०१२मधल्या परफेक्ट गेममध्ये, म्हणजे एकही फलंदाज बेसवर न पोचलेल्या सामन्यात, प्लेटमागे तोच. स्किपवर्थ मेजर लीगमध्ये एकूण चार सामने खेळला. चार. दोघांत एका नंबराचं अंतर.

फरक कुठे होता? पोझी कॉलेजमध्ये आला तो शॉर्टस्टॉप म्हणून, दुसऱ्या वर्षी त्याला प्लेटमागे बसवलं. पाय, हात, नजर सगळं शॉर्टस्टॉपचं. कॅचिंग जमलं नसतं तरी तो दुसरीकडे कुठेही खेळला असता. चेसापीकची दुसरी अट मला म्हणूनच पटते. स्किपवर्थला फक्त एकच दार होतं.

पण ही अटही अपुरी आहे. २५ मे २०११ला मार्लिन्सच्या धावपटूने प्लेटवर धडक दिली, पोझीचा पाय मोडला, घोट्याचे लिगामेंट फाटले. हंगाम तिथेच संपला. त्यानंतर २०१४मध्ये प्लेटवरच्या धडकेविरुद्ध नियम आला, त्यामागे हीच घटना. तो परत आला, पुढच्याच वर्षी एमव्हीपी झाला, हे खरं. पण ३४व्या वर्षी, उत्तम हंगाम संपवून त्याने निवृत्ती घेतली तेव्हा इथे अनेकांना वाटलं की अजून तीन वर्षं सहज होती. शरीराने दिलेलं बिल होतं ते.

पोझीचा वारस म्हणून बार्ट आणला, नाही जमलं. २०२०मध्ये १३व्या नंबरवर पॅट्रिक बेली घेतला, तो आज सगळ्यात उत्तम हातमोज्याचा कॅचर आहे, २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षांचे गोल्ड ग्लोव्ह, क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार, त्याच्याकडे. बॅट साधारण. मला विचाराल तर तो तेराव्या नंबराचं सोनं आहे. दुसऱ्या नंबरावर तोच मुलगा घेतला असता तर लोकांनी त्याला अपयशी म्हटलं असतं. मुलगा तोच, खेळ तोच.

पेठेतला

शेवटचं वाक्य वाचून थांबलो. म्हणजे प्रश्न मुलाचा नाही, नंबराचा आहे.

आमच्याकडे यष्टिरक्षकाचं असंच झालं. पूर्वी हातमोजे पाहून निवड व्हायची, आणि दोन चांगले असतील तर एक बाहेर. १९८६ला इंग्लंडमध्ये लीड्स कसोटीत किरण मोरे यष्टीमागे होता म्हणून चंद्रकांत पंडित नुसता फलंदाज म्हणून खेळला. तो त्याचा पहिला कसोटी सामना. दोघंही यष्टिरक्षक, पण एकाला बॅटने जागा मिळवावी लागली. नंतर काळ फिरला. २००८च्या पहिल्या आयपीएल लिलावात सगळ्यात महाग धोनी, १५ लाख डॉलर. २०२४च्या लिलावात सगळ्यात महाग पंत, २७ कोटी रुपये. पैसा गेला तो मागे उभं राहून सहाव्या क्रमांकावर सामना फिरवणाऱ्या माणसाला.

पण आमचा यष्टिरक्षक फिरकीला सोडलं तर दूर उभा असतो. तुमचा कॅचर चार फुटांवर बॅट फिरत असताना उकिडवा. दीडशे चेंडू घेत असेल ना एका सामन्यात?

चेसापीक

हो, दीडशेच्या आसपास. बरेच ताशी ९५ मैलांच्या आसपासचे. आणि हंगाम १६२ सामन्यांचा, म्हणून उत्तम कॅचरही त्यातले ११०-१२० पकडतो. उरलेल्या दिवशी एक तर बाक किंवा डीएच, म्हणजे नुसती फलंदाजी.

तीन_नद्या

पिट्सबर्गची बाजू कुणीतरी मांडायलाच हवी. आमच्याएवढे कॅचर पहिल्या राउंडमध्ये क्वचितच कुणी घेतले असतील.

२००४ नील वॉकर, अकरावा, गावचाच मुलगा. कॅचर म्हणून घेतला, खेळला सेकंड बेसवर, आणि छान खेळला. २००९ टोनी सँचेझ, चौथा. त्याला घेतलं कारण तो कमी पैशात तयार होता आणि उरलेले पैसे खालच्या राउंडमधल्या शाळकरी पिचरांवर लावायचे होते. त्याच ड्राफ्टमध्ये माइक ट्राउट २५व्या नंबरवर गेला. अर्थात ट्राउटला चोवीस नंबरांपर्यंत कुणीच घेतलं नाही, त्यामुळे ती एकट्या आमचीच चूक नाही. पण सँचेझ टिकला नाही, आणि ती जखम ओली आहे.

मग २०२१, पहिला नंबर, हेन्री डेव्हिस. परत तोच हिशोब. स्लॉट ८४ लाखांच्या आसपास, डेव्हिसला ६५ लाख. वाचलेल्या पैशांत तिसऱ्या राउंडमध्ये बबा चँडलर ह्या पिचरला ३० लाख देऊन फुटबॉलपासून वळवला. डेव्हिस २०२३मध्ये वर आला आणि त्याला राइट फील्डमध्ये उभं केलं! पहिल्या नंबराचा कॅचर, आणि प्लेटमागे जवळजवळ बसवलाच नाही. मी तेव्हा इतका चिडलो होतो की सामने बघणं सोडलं. जो हात फक्त कॅचरच्या जागी दुर्मिळ आहे त्याला बाहेर उभं करायचं, मग त्याच्या बॅटची तुलना आउटफील्डरशी करायची, आणि तो कमी पडला म्हणून मुलालाच दोष द्यायचा.

ह्या वर्षी मात्र आमचा पिचर पॉल स्कीन्स ह्याच्या बहुतेक सामन्यांत प्लेटमागे डेव्हिस होता. स्कीन्सला साय यंग, सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार, मिळाला. डेव्हिसची बॅट अजून बोललेली नाही, पण त्या दोघांचं जमलंय ते टीव्हीवरही दिसतं. आणि स्कीन्स स्वतः एअर फोर्स अकॅडमीत असताना कॅचर होता, हे इथे किती जणांना माहीत आहे? कदाचित म्हणूनच त्याला मागच्या माणसाची किंमत कळते. चँडलरही ऑगस्टमध्ये वर आला.

मग २०२१ची निवड चांगली की वाईट? डेव्हिस एकट्याला तोला, तर वाईट. डेव्हिस आणि चँडलर मिळून एका पारड्यात टाका, तर माझं उत्तर बदलतं. जोई बार्टही आता आमच्याकडेच आहे. दुसऱ्यांचे पहिल्या राउंडचे कॅचर शेवटी आमच्या दारात येतात.

सोनचाफा

मी सहसा नुसती वाचते. पण हा धागा माझ्या घरातलाच आहे.

माझा मुलगा कॅचर आहे. न्यू जर्सी, अकरावीत. नऊ वर्षांचा असताना संघात कुणीच पॅड घालायला तयार नव्हतं म्हणून ह्याने घातले, तेव्हापासून उतरवले नाहीत. तुम्ही सगळे दुसरा नंबर, नव्वदावा नंबर असं लिहिता तेव्हा मला त्या मुलाची आई दिसते.

काही गोष्टी जवळून बघितल्यात त्या लिहिते. जुलैच्या उन्हात एका दिवसात दोन सामने पकडून हा घरी येतो तेव्हा शर्ट पिळला तर बादलीत पाणी पडतं. उजव्या हाताचा अंगठा दोनदा मोडलाय. डाव्या तळव्याला मोज्याच्या आतून कायमची सूज. बारा वर्षांचा असताना एका प्रशिक्षकाने शनिवार-रविवारी सलग चार सामने त्याला बसवलं, कारण दुसरा मुलगा चेंडू सोडायचा. मी काही बोलले नाही, संघ जिंकत होता. ते न बोललेलं अजून मला सलतं. पिचरने किती चेंडू टाकले ते मोजायला आता नियम आहेत, पण कॅचरने किती पकडले, किती वेळा उठला-बसला, किती वेळा सेकंड बेसला फेकलं, हे आमच्या लीगमध्ये कुणी मोजत नाही.

चेसापीक, तुमची कॉलेजची अट मला योग्य वाटते, पण कारण दुसरं आहे. आमच्या शाळेत कुठला चेंडू टाकायचा हे डगआउटमधून प्रशिक्षक सांगतो. मुलगा तिकडे बघतो, खूण घेतो, पिचरला देतो. बऱ्याच कॉलेजांतही तेच. म्हणजे कॅचरचं जे खरं काम, पिचरचा आज काय लागतोय, फलंदाजाचा मागचा पाय काय सांगतोय, आता आत टाकायचा की बाहेर, ते काम अठराव्या वर्षापर्यंत त्याच्या हातातच आलेलं नसतं. मग स्काउट काय बघतात? पॉप टाइम. चेंडू मोज्यात आल्यापासून सेकंड बेसच्या मोज्यात पोचेपर्यंत किती सेकंद. दोनच्या खाली आला की सगळे वहीत लिहितात. माझ्या मुलाचाही लिहिलाय. पण तो मार खाल्लेल्या पिचरजवळ चालत जातो, खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलतो आणि तो पोरगा परत श्वास घेऊ लागतो, त्याला आकडा नाही.

म्हणून पाऊसवेडी, कॅचर ओळखता येत नाही हे तुमचं म्हणणं मला खरं वाटतं. ज्या गोष्टी त्याला कॅचर बनवतात त्या ड्राफ्टच्या दिवशी दिसतच नाहीत. शाळकरी मुलात तर नाहीच.

गोठलेला_तलाव

सोनचाफा, ही पोस्ट दोनदा वाचली. मुलाला शुभेच्छा.

पाऊसवेडी

मीही. अंगठ्याचं वाचून कसंतरीच झालं. आणि ते प्रशिक्षकाला न बोलल्याचं मनाला लावून घेऊ नका. सगळे पालक तिथे गप्पच असतात.

मुद्द्यावर परत येते. शाळकरी कॅचरबद्दल आपलं सगळ्यांचं एकमत दिसतंय, मावर सोडून. पहिल्या नंबरवर घेतलेले कॅचर मोजायला दोन हात पुरतात. १९६६चा स्टीव्ह चिलकॉट शाळकरी, खांदा गेला, मेजर लीगमध्ये पाऊलच नाही पडलं. त्याच्या पुढचा, दुसऱ्या नंबरचा, रेजी जॅक्सन, ५६३ होम रन. १९७०चा माइक आयव्ही शाळकरी, कॅचिंगच नकोसं झालं, फर्स्ट बेसवर गेला. डॅनी गुडविनला तर दोन वेगवेगळ्या संघांनी दोनदा पहिल्या नंबरवर घेतलं, १९७१ आणि १९७५. असा तो एकटाच. आणि मेजर लीगमध्ये तो एकही सामना कॅचर म्हणून खेळला नाही.

ब्राइस हार्परचं उदाहरण तर सगळ्यात बोलकं. तो कॅचर होता. २०१०मध्ये वॉशिंग्टनने पहिल्या नंबरवर नाव पुकारलं ते आउटफील्डर म्हणून. बॅट इतकी मोठी असेल तर तिला प्लेटमागे झिजवायची कशाला, असा त्यांचा विचार. म्हणजे चेसापीक, तुमची दुसरी अट पुरी करणारा मुलगा सापडला, तर मग त्याला कॅचर ठेवायचाच कशाला?

धुक्यातला_पूल

ह्याला म्हणतात नेमका प्रश्न.

आणि शोधायच्या इतर वाटाही आहेत. जॉनी बेंच १९६५च्या पहिल्यावहिल्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या राउंडला, ३६वा. यादियेर मोलिना चौथा राउंड. रियलमुटो तिसरा राउंड, तोही शाळेत शॉर्टस्टॉप. माइक पियाझा १९८८मध्ये ६२व्या राउंडला, १३९०वा, डॉजर्सचे व्यवस्थापक टॉमी लासोर्डा ह्यांच्या घरोब्याखातर घेतलेला, आज हॉल ऑफ फेममध्ये. साल्वाडोर पेरेझ व्हेनेझुएलाचा, तो ड्राफ्टमध्ये नव्हताच, सोळाव्या वर्षी थेट करार.

चेसापीक

दोघांनाही उत्तर देतो, कारण रात्रभर ह्याचाच विचार करत होतो.

आधी पियाझा. त्या ६२व्या राउंडच्या आजूबाजूला किती कॅचर निवडले गेले आणि किती वर पोचले? आपल्याला एक नाव माहीत आहे कारण बाकीची नावं कुणी घेतच नाही. उशिरा घेतलेल्यांतून रॅली निघतो, पण त्याच्यासोबत घेतलेले डझनावारी कॅचर मायनर लीगच्या बसमधून घरी जातात. लवकर घेतलेला फसला की त्याचं नाव वीस वर्षं निघतं. उशिरा घेतलेला फसला की त्याच्या गावालाही पत्ता नसतो. म्हणून मला “नंतर मिळतोच की” हे म्हणणं पटत नाही. मिळतो, पण मिळेल म्हणून बसून राहता येत नाही. आम्ही रचमनच्या आधीची काही वर्षं तेच करून बघितलं.

दुसरं, गोठलेला_तलाव म्हणाला ते. बेसबॉलमध्ये मोजके अपवाद सोडले तर ड्राफ्टचे नंबर विकता येत नाहीत, निवडलेली माणसं मात्र विकता येतात. शे लँगेलियर्स, २०१९चा नववा. अटलांटाने त्याला २०२२मध्ये मॅट ओल्सनच्या सौद्यात दिला. काइल टील, २०२३चा चौदावा. बोस्टनने त्याला दिला आणि गॅरेट क्रोशे आला. दोन्ही सौद्यांत समोरच्याने सगळ्यात आधी मागितला असेल तर तो कॅचर, अशी माझी खात्री आहे. चांगल्या कॅचरची टंचाई तीसही संघांना आहे. त्यामुळे कॉलेजचा बरा कॅचर आठव्या ते वीसाव्या नंबरपर्यंत घेणं मला आता अधिक शहाणपणाचं वाटू लागलंय. पहिल्या पाचांत नाही. हे मी धागा काढताना म्हणालो त्यापेक्षा वेगळं आहे, मान्य. बेलीबद्दलची पोस्ट वाचून मत बदललं.

आता हार्पर. पाऊसवेडी, ह्याचं चोख उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच म्हणेन, हार्पर आउटफील्डमध्ये होता तशी बॅट वर्षाला एक-दोन संघांना मिळते. तशी बॅट प्लेटमागे असणं दहा वर्षांत एकदा. मावरच्या तीन किताबांचं मोल त्यामुळे आहे. मात्र ती जोखीम मुलाच्या गुडघ्यांवर घेतलेली असते, संघाच्या नाही. सोनचाफांची पोस्ट वाचल्यापासून हे वाक्य लिहिताना हात अडखळतोय.

गोठलेला_तलाव

एक गोष्ट राहिली. पुढच्या हंगामापासून, २०२६पासून, चेंडू स्ट्राइक (झोनच्या आतला) की बॉल (बाहेरचा) ह्या अंपायरच्या निर्णयाला आव्हान देता येणार आहे, ह्या पद्धतीला एबीएस म्हणतात. प्रत्येक संघाला दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर शिल्लक राहतं. आव्हान द्यायचा हक्क फक्त तिघांना: फलंदाज, पिचर, कॅचर.

गेली पंधरा वर्षं कॅचरची किंमत फ्रेमिंगवर ठरत होती. झोनच्या काठावरचा चेंडू मोज्याने अलगद आत ओढून अंपायरकडून स्ट्राइक मिळवायचा. त्या कलेच्या जोरावर कमकुवत बॅटचे कॅचर वर्षानुवर्षं खेळले. आता मोक्याच्या क्षणी फलंदाज आव्हान देईल आणि ओढलेला चेंडू उघडा पडेल. फ्रेमिंग संपणार नाही, आव्हानं दोनच आहेत, पण भाव उतरेल. उलट झोन नेमका कुठे संपतो हे ज्याला प्लेटमागून खरंच दिसतं, त्याचा भाव चढेल. नुसत्या फ्रेमिंगसाठी पहिल्या राउंडमध्ये मुलगा घ्यायचे दिवस गेले, असं मला वाटतं.

तीन_नद्या

म्हणजे बॅट. शेवटी परत बॅटच.

गोठलेला_तलाव

बॅट आणि नजर.

पेठेतला

काल रात्री यूट्यूबवर मावरचा तो शेवटचा चेंडू शोधून बघितला. मला नियम अर्धेही कळत नाहीत, तरी डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या वर्षी पहाटे उठून एखादा पूर्ण सामना बघणार आहे. पिचरकडे न बघता फक्त कॅचरकडे बघायचं ठरवलंय. कुणाचा बघू?

पाऊसवेडी

रॅली! सिएटलचे घरचे रात्रीचे सामने पुण्यात सकाळी सातच्या सुमारास सुरू होतात, पहाटे उठायलाही नको. चहा घेऊन बसा.

चेसापीक

रॅली बघाच. पण एक दिवस आमचाही बघा. ह्या वर्षी ओरिओल्सनी पहिल्या तीस नंबरांत परत दोन कॉलेजचे कॅचर घेतले, १९वा आइक आयरिश आणि ३०वा केडन बोडीन. शिवाय एकवीस वर्षांच्या सॅम्युएल बसायोशी ऑगस्टमध्ये आठ वर्षांचा करार केला, तोही कॅचर, डॉमिनिकन रिपब्लिकचा. रचमन असताना. ह्याचा अर्थ काय लावायचा ते मला अजून कळलेलं नाही, पण सामना जिंकल्यावर रचमन क्लोजरला जी मिठी मारतो ती चुकवू नका.

सोनचाफा

काल मुलाला हा धागा वाचून दाखवला. मराठी तो बोलतो, वाचत नाही, म्हणून मीच वाचला. चिलकॉट, स्किपवर्थ, मावरचा गुडघा, सगळं. मी विचारलं, सेकंड बेसला जातोस का? वॉकर गेला होता तसा. हात चांगला आहे तुझा, पळतोसही.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आई, तिथून सगळं मैदान नाही दिसत.”

फेब्रुवारीत सराव सुरू होतोय. गुडघ्यांसाठी एका फिजिओची वेळ घेतली आहे, आणि ह्या वेळी मी वही घेऊन बसणार. किती चेंडू पकडले ते मी मोजणार आहे.